सूक्ष्मनियंत्रकावरील पहिली आज्ञावली व तिचे दोषशोधन

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे मायक्रोकंट्रोलर. प्रक्रियक, स्मृती व बाहेरील साधनांशी जोडणारी मंडले यात एकाच सिलिकॉन चकतीवर एकवटलेली असतात. विद्युत् पुरवठा, स्फटिक, कळा व दिवे यांसह तो ज्या पट्टावर बसवून विद्यार्थ्याच्या हाती दिला जातो, त्यास प्रयोगशाळेत ‘किट’ वा ‘बोर्ड’ म्हणतात. अशा पट्टावरील पहिली आज्ञावली बहुधा एक दिवा लावते व विझवते. ती चालली नाही, तर दोष आज्ञावलीत आहे, जोडणीत आहे की पट्टातच आहे, हे नवशिक्यास कळत नाही. या तिन्ही शक्यता एकमेकींपासून वेगळ्या करणे हाच दोषशोधनाचा गाभा होय.

संगणकाच्या आरंभापासून ही अडचण आहे. केंब्रिज येथे एडसॅक यंत्र १९४९ मध्ये सुरू झाले, तेव्हा आपल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, अशी जाणीव मॉरिस विल्क्स यांना झाली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर्. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. नलिका केव्हाही निकामी होऊ शकत असल्याने अशा यंत्रांच्या काळात उत्तर चुकले, तर यंत्रावर संशय घेणे रास्तच असे. सूक्ष्मनियंत्रकाच्या बाबतीत परिस्थिती उलट आहे. चकती क्वचितच बिघडते, तरी नवशिक्याचा पहिला संशय तिच्यावरच जातो.

मुंबईच्या उपनगरांत ही विद्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली ती ८०८५ या सूक्ष्मप्रक्रियकाच्या प्रशिक्षण संचांमुळे. इंटेल कंपनीने हा प्रक्रियक १९७६ मध्ये बाजारात आणला. त्याच्या प्रशिक्षण संचाचा नमुना रूढ झाल्यावर भारतीय कंपन्यांनीही असे संच तयार केले. विक्रोळी पश्चिमेच्या पार्कसाइट भागात पत्ता असलेल्या डायनालॉग कंपनीचा ‘मायक्रोफ्रेंड’ संच त्यांपैकीच एक होय. याच विक्रोळीला जिच्या कारखान्यांनी औद्योगिक वसाहतीचे रूप दिले, त्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये टंकलेखन यंत्र बनविले होते. टंकलेखन यंत्रातील अडकलेली दांडी डोळ्यांना दिसते. आज्ञावलीतील चूक दिसत नाही. प्रशिक्षण संचाचे महत्त्व असे, की त्याने ही चूक काही अंशी दृश्य केली.

संचावर षोडशमान अंकांच्या कळा व सहा सप्तखंडी दर्शक असत. चार दर्शकांवर स्मृतीचा पत्ता व दोहोंवर तेथील आशय दिसे. विद्यार्थी प्रत्येक आज्ञेचा संकेतांक कोष्टकातून काढून वहीत लिही व एकेक पत्त्यावर भरी. दोष आढळल्यास तो पुन्हा आरंभापासून पत्ते चाळून वहीशी ताडून पाही. ठरावीक चुका वारंवार सापडत. ८०८५ मध्ये पत्त्याचा कनिष्ठ भाग आधी येतो. म्हणून ‘सी०५०’ या पत्त्यावर उडी मारण्याची आज्ञा सी३, ५०, सी० अशी भरावी लागते. नवशिका सी३, सी०, ५० भरतो आणि प्रक्रियक भलत्याच ठिकाणी जातो. दर्शकावर ‘६’ आणि षोडशमान ‘बी’ यांत वरच्या एका आडव्या खंडाचाच फरक असल्याने वाचनातही घोटाळा होई. मध्ये एखादी आज्ञा घालायची राहिली, तर पुढील सर्व पत्ते सरकत व उड्यांचे पत्ते पुन्हा लिहावे लागत. शिवाय वीज गेली की सारी आज्ञावली पुसली जाई. मात्र एकेक पाऊल चालविण्याच्या कळीने प्रत्येक आज्ञेनंतर नोंदकांतील आशय पाहता येई. इतकी पारदर्शकता नंतरच्या साधनांत सहजी मिळाली नाही.

१९८० मध्ये ८०५१ हा सूक्ष्मनियंत्रक आला आणि दोषांचे ठिकाण बदलले. आज्ञावली आता चकतीच्या आतील स्मृतीत जाऊ लागली. पुसता येणाऱ्या सुरुवातीच्या प्रकारात काचेच्या खिडकीतून सुमारे वीस मिनिटे जंबुपार किरण पाडल्यावरच नवी आज्ञावली भरता येई. एका स्वल्पविरामाची किंमत वीस मिनिटे असल्याने लोक लिहिण्यापूर्वी विचार करीत. विद्युत् नष्ट्य स्मृतीचे प्रकार १९९० नंतर स्वस्त झाले व ही शिस्त ढिली पडली. या चकतीवर आज्ञावली निर्दोष असूनही चालत नाही, याची कारणे बहुधा मंडलात असतात. एकतिसावी पिन धन दाबास जोडली नाही, तर प्रक्रियक आतील स्मृती सोडून बाहेरील स्मृती शोधतो. शून्य क्रमांकाच्या द्वारास बाहेरून रोधक जोडले नाहीत, तर त्याच्या पिना उच्च पातळीस जातच नाहीत. ११.०५९२ ऐवजी १२ मेगॅहर्ट्‌झचा स्फटिक बसविल्यास सेकंदाला ९,६०० बिटे पाठविण्याऐवजी सुमारे १०,४१७ बिटे जातात व पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात.

विक्रोळीला जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याने जोडलेल्या पवईत १९५८ मध्ये भारतीय तंत्रविद्या संस्था स्थापन झाली. तेथील ‘ई-यंत्र’ प्रकल्पाची यंत्रमानव स्पर्धा २०१२ पासून भरू लागली. या प्रकल्पात वापरलेल्या ‘फायर बर्ड ५’ यंत्रमानवावर एटीमेगा २५६० हा सूक्ष्मनियंत्रक आहे. कारखान्यातून ही चकती दोन गुप्त अडचणी घेऊन येते. तिच्या अंतर्गत घड्याळाची गती १ मेगॅहर्ट्‌झ ठेवलेली असते. १६ मेगॅहर्ट्‌झ गृहीत धरून लिहिलेला दिवा त्यामुळे सोळा पट सावकाश उघडझाप करतो. ‘एफ’ द्वाराच्या शेवटच्या चार पिना चाचणी-मंडलासाठी राखलेल्या असतात, म्हणून त्यांवरील आज्ञा निष्फळ ठरतात. दिवा अगदीच न लागता उशिरा लागला, तर चकती जिवंत आहे हे तरी सिद्ध होते. म्हणूनच अनुभवी शिक्षक पहिल्यांदा दिव्याचीच आज्ञावली देतात.

इटलीतील इव्हरेआ येथे २००५ मध्ये आर्दुईनो हा पट्ट तयार झाला. त्याने संकेतांक, खिडकी व किरण यांतून विद्यार्थ्याची सुटका केली, पण संगणक व पट्ट यांच्या मधला मार्ग त्याच्या दृष्टीआड गेला. आता पहिली आज्ञावली अडते ती बहुधा तेथेच. भ्रमणध्वनी भारित करण्याच्या काही तारांत केवळ विजेचे दोन वाहक असतात, माहितीचे नसतात. अशा तारेने पट्टावरील दिवा लागतो, परंतु संगणकास पट्ट सापडत नाही. स्वस्त पट्टांवरील सीएच३४० या जोडणी-चकतीसाठी काही संगणकांत वेगळी चालक आज्ञावली बसवावी लागते. द्वाराचा क्रमांक किंवा पट्टाचे नाव चुकीचे निवडलेले असते. शिकणारा मात्र तासभर आपल्या दहा ओळींतला अर्धविराम शोधीत बसतो. दुसऱ्या पट्टाची चालू तार आणून लावणे, पट्टासोबत आलेली तयार आज्ञावली बदल न करता पाठविणे, आणि ती चालल्यावरच स्वतःची ओळ तीत घालणे, या क्रमाने तो मार्ग तुकड्यातुकड्याने तपासता येतो. प्रेषण व ग्रहण या दोन पिना तारेच्या तुकड्याने एकमेकींस जोडून सूक्ष्मनियंत्रक थांबविलेल्या स्थितीत ठेवला व संगणकावर टंकित केलेले अक्षर परत आले, तर तार, जोडणी-चकती व चालक आज्ञावली हे तिन्ही निर्दोष ठरतात आणि शोध उरलेल्या अर्ध्या भागात सुरू करता येतो.