नव्या मोटारीचा भाव: ‘ऑन’ ते ‘ऑन-रोड’

भारतात नव्या मोटारीच्या किमतीवर गिऱ्हाईक आणि विक्रेता यांच्यात उघड घासाघीस होऊ लागली ती विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. त्याआधीची जवळजवळ चाळीस वर्षे गिऱ्हाइकाला भाव करायला जागाच नव्हती. किंमत सरकारच्या नजरेखाली ठरे, गाडी नंबर लागल्यावर मिळे आणि ज्याला थांबणे शक्य नसे तो वरचे पैसे मोजे. आज शोरूममधल्या टेबलावर विमा, कर्ज, ॲक्सेसरीज आणि ‘हँडलिंग’ यांवरून जी ओढाताण चालते, ती समजून घ्यायची तर हा टंचाईचा काळ आधी पाहावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मोटारीचा धंदा परदेशी कंपन्यांच्या हाती होता. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या बांधायला सुरुवात केली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले: गाडी इथेच टप्प्याटप्प्याने तयार करण्याचा कार्यक्रम नसेल, तर नुसत्या जोडणीला परवानगी नाही. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. मोटारगाड्यांपुरते पाहिले तर मुंबईची प्रीमियर, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड एवढ्या तीनच कंपन्या उरल्या. फियाट, ॲम्बेसिडर आणि स्टँडर्ड हेरल्ड या नावांच्या पलीकडे सामान्य गिऱ्हाइकाला निवड नव्हती. १९८० च्या सुमारासही देशभरात वर्षाला तीस-चाळीस हजारच मोटारी तयार होत.

मागणी त्याहून कितीतरी जास्त होती, म्हणून वाटपाचे नियम आले. १९५९ च्या मोटारगाड्या (वितरण व विक्री) नियंत्रण आदेशाने विक्रेत्याला नोंदणीची वही ठेवून त्याच क्रमाने गाड्या देणे बंधनकारक केले. नाव नोंदवणाऱ्याने अनामत म्हणून पोस्टाच्या बचत खात्यात रक्कम ठेवायची आणि ते खाते विक्रेत्याकडे तारण ठेवायचे, अशी पद्धत होती. काही गाड्या सरकारी कोट्यासाठी राखून ठेवल्या जात. मिळालेली गाडी लगेच विकून कोणी नफा कमावू नये म्हणून ठरावीक मुदतीत तिच्या फेरविक्रीवरही बंधन होते. गाडी आपल्या नावावर लागेपर्यंत फियाटच्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. स्कूटरचीही तीच गत होती. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठीची प्रतीक्षा त्या पिढीतल्या मध्यमवर्गीय घरांत अजून आठवली जाते.

या रांगेतूनच ‘ऑन’ जन्माला आला. नंबर लागलेला माणूस आपली गाडी छापील किमतीहून जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला देई आणि ही वरची रक्कम म्हणजे ऑन. ती रोख दिली जाई आणि कुठल्याही पावतीवर दिसत नसे. फेरविक्रीच्या बंधनातून वाट काढायला गाडी मूळ मालकाच्याच नावावर राही आणि खरेदीदाराला मुखत्यारपत्र मिळे. अनेकजण गाडीची गरज नसतानाही नाव नोंदवून ठेवत, कारण नोंदणीची चिठ्ठी हीच एक मालमत्ता झाली होती. गिऱ्हाईक आणि विक्रेता यांच्यातला भाव मोडला होता तो इथे. गाडीची खरी किंमत बाजार ठरवतच होता, पण तो फायदा गाडी बनवणाऱ्याच्या किंवा ती खरोखर वापरणाऱ्याच्या हाती न पडता मधल्याच्या खिशात जात होता. घासाघीस झालीच तर ती ऑनच्या रकमेवर होई. शोरूममध्ये मात्र गिऱ्हाइकाने विनंतीच्या सुरातच बोलायचे असा शिरस्ता पडला.

कारखान्याच्या दारातली किंमत सरकारने १९६९ मध्ये कायद्याने बांधून टाकली. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. किमतींचा अभ्यास करायला आयोग बसला आणि १९७१ मध्ये न्यायालयाने कंपन्यांना वाजवी परतावा मिळेल अशा रीतीने किंमत ठरवावी, असा निर्णय दिला. मोटारीची किंमत किती असावी हे सर्वोच्च न्यायालयात ठरावे, यावरून त्या बाजाराची अवस्था कळते. सत्तरीच्या मध्यावर हे किंमत नियंत्रण उठले, पण गाड्यांची संख्या वाढली नाही, त्यामुळे रांगही हटली नाही.

मारुतीने गाड्यांची संख्या वाढवली खरी, पण आधी आणखी एक रांग लावली. १९८२ च्या ऑक्टोबरात सुझुकीशी करार झाला आणि १९८३ च्या एप्रिलमध्ये दहा हजार रुपये भरून मारुती ८०० ची नोंदणी सुरू झाली. दोनेक महिन्यांत लाखाहून अधिक नोंदण्या झाल्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी दिली गेली तेव्हा तिची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. लगेचच तिच्यावरही ऑन चालू झाला. तरीही एक मोठा फरक पडला: कारखान्याचे उत्पादन दरवर्षी वाढत गेले आणि थांबण्याचा काळ आक्रसत गेला. ऑनचा धंदा कोणत्याही कायद्याने बंद पडला नाही. गाड्या पुरेशा झाल्या तेव्हाच तो आपोआप ओसरला.

१९९३ च्या मे महिन्यात मोटार उद्योग परवान्याच्या जाचातून मुक्त झाला. सिएलो, एस्कॉर्ट, ओपेल ॲस्ट्रा अशी नवी नावे आली. खरी उलथापालथ मात्र १९९८ मध्ये झाली: ह्युंदाईची सँट्रो, देवूची मॅटिझ आणि पुण्यात तयार झालेली टाटांची इंडिका एकाच वर्षात पुढे आल्या. विक्रेत्याच्या आवारात पहिल्यांदाच विकली न गेलेली गाडी उभी राहू लागली आणि त्या गाडीवर बँकेचे व्याज चढू लागले. गिऱ्हाइकाला बोलण्याचे बळ आले ते इथून. ‘कॉर्पोरेट डिस्काउंट’, जुन्या गाडीवरचा ‘एक्स्चेंज बोनस’, दसरा आणि पाडव्याच्या सवलती हे सारे याच काळातले. डिसेंबर हा भाव करायला सर्वांत सोयीचा महिना ठरला, कारण जानेवारी उजाडताच गाडी कागदोपत्री एक वर्षाने जुनी होते. जाणते गिऱ्हाईक आता गाडीचा उत्पादन महिनाही पाहून घेऊ लागले.

मात्र गाडीच्या किमतीत सोडायला विक्रेत्याकडे फार काही नसते. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि विक्रेत्याच्या वाट्याला तिच्यातून साधारण तीन ते पाच टक्के येतात. त्यातच शोरूमचे भाडे, पगार आणि पडून राहिलेल्या मालावरचे व्याज भागवायचे असते. दिलेली सवलत कुठून तरी भरून काढावीच लागते आणि ती जागा गाडीच्या किमतीखालच्या ओळींत सापडली. कोटेशनमध्ये एक्स-शोरूमच्या खाली रस्ता कर, नोंदणी, विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज किट, हँडलिंग अशा ओळी येतात आणि त्यांची बेरीज म्हणजे ‘ऑन-रोड’ किंमत. यातल्या काही ओळी कायद्याच्या आहेत. महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे चढत्या दराने एकरकमी कर द्यावाच लागतो. हँडलिंगचे तसे नाही. कर किंवा नोंदणीच्या शुल्कात त्याला स्थान नाही, तरी छापील कोटेशनमध्ये ते इतके सरावाने येते की अनेकजण ते आरटीओचेच शुल्क समजून भरतात. ही गफलत विक्रेत्याच्या फायद्याची आहे आणि तिच्याबद्दल गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले जायला हवे.

रस्ता करानंतर सर्वांत मोठी रक्कम विम्याच्या ओळीत असते आणि तिचा इतिहास वेगळा आहे. त्रयस्थ विमा १९४६ पासून सक्तीचा आहे. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर गाडीचा विमा कुठूनही घेतला तरी दर तोच पडे, कारण दरपत्रक एकच होते. खासगी कंपन्या २००० नंतर आल्या, पण दर मोकळे झाले ते १ जानेवारी २००७ पासून. तेही गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागापुरते. त्रयस्थ विम्याचा हप्ता आजही सरकार ठरवून देते. त्यामुळे विम्यावर भाव करायचा असेल तर तो ‘ओन डॅमेज’च्या आकड्यावर आणि ‘झिरो डेप’, इंजिन संरक्षण यांसारख्या जोड-संरक्षणांवर. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईतल्या असंख्य गाड्यांची इंजिने पाण्याने निकामी झाली होती. अशा शहरात इंजिन संरक्षण खरोखर उपयोगाचे आहे. उंचावरच्या, पाणी न तुंबणाऱ्या गावातल्या गिऱ्हाइकाने त्याचे पैसे विचार करूनच भरावेत.

विक्रेत्यामार्फत घेतलेला विमा आणि तोच विमा बाहेरून घेतला तर पडणारी किंमत, यांतली तफावत मोठी होत गेली, तेव्हा विमा नियामकाने २०१७ मध्ये मोटार विक्रेत्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. विशिष्ट कंपनीचाच किंवा आपल्याचकडून विमा घ्या अशी सक्ती करता येणार नाही, हे त्यांत नोंदवले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला त्रयस्थ विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे पहिल्या दिवशीची रक्कम आणखी फुगली.

ॲक्सेसरीजचा प्रवास उलट्या दिशेने झाला. प्रीमियरच्या पद्मिनी गाडीच्या काळात कारखान्यातून येणारी गाडी अगदी साधी असे. सीट कव्हर, हॉर्न, रेडिओ, आरसे यांसाठी मालक मुंबईत ऑपेरा हाऊसला नाहीतर पुण्यात नाना पेठेत जाई आणि तिथे मनसोक्त भाव करी. नव्या शतकात कंपन्यांनी स्वतःच्या शिक्क्याची ॲक्सेसरीज काढली आणि तो व्यवहार शोरूममध्ये शिरला. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर यांचे ‘बेसिक किट’ गाडीबरोबर येऊ लागले. बाहेरून वायरिंग कापले तर वॉरंटी जाईल, हा इशारा बराचसा खरा असल्याने गिऱ्हाईक गप्प बसते. गाडीच्या तळाला गंजरोधक लेप देण्याची प्रथा मात्र पातळ, लवकर गंजणाऱ्या पत्र्याच्या काळातली आहे. कोकण किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत तिला अर्थ आहे. जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याच्या आजच्या गाडीला विदर्भात तिची गरज जवळजवळ नसते.

विक्रेत्याने किती सूट द्यावी यावरही कंपन्यांनी ताबा ठेवला होता, हे भारतीय स्पर्धा आयोगापुढच्या प्रकरणांत बाहेर आले. ह्युंदाईला २०१७ मध्ये याच कारणावरून ८७ कोटींचा दंड झाला. तो पुढे अपिलात रद्द झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. त्या प्रकरणाची सुरुवात एका निनावी ईमेलने झाली होती आणि त्यातली तक्रार मुंबई वगळता उरलेल्या महाराष्ट्राबद्दल होती. ठरलेल्यापेक्षा जास्त सूट कोणी देते का हे पाहायला गिऱ्हाईक बनून माणसे पाठवली जात आणि सापडलेल्या विक्रेत्याला दंड भरावा लागे, असे आयोगाने म्हटले. कंपनीने अपील केल्यावर त्या दंडाला स्थगिती मिळाली. पण एकाच शहरातल्या दोन शोरूममध्ये गाडीवरची सूट सारखीच का निघते, याचे मोठे उत्तर या कागदपत्रांत आहे.

२०२१-२२ मध्ये सेमीकंडक्टर चिपच्या तुटवड्याने जुनी टंचाई काही काळ परतली. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी चाकणला तयार होणाऱ्या एक्सयूव्ही ७०० ची नोंदणी उघडली आणि तासाभरात पंचवीस हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली. काही लोकप्रिय गाड्यांसाठी प्रतीक्षा वर्षाच्या पलीकडे गेली. रोख ऑन या वेळी फारसा दिसला नाही. त्याऐवजी महागडे किट, विक्रेत्याकडचाच विमा आणि त्याच्याच बँकेचे कर्ज घेणाऱ्याला गाडी लवकर मिळते, अशा तक्रारी गावोगावी होऊ लागल्या. वरचे पैसे आता पावतीवर, कर भरून घेतले जात होते. चिपचा पुरवठा सावरला, आवारांत पुन्हा गाड्या उभ्या राहिल्या आणि २०२४ पर्यंत डिसेंबरच्या सवलतींचे फलक पुन्हा लागले.