रेडिओची खरखर आणि घरांतील वीज

रेडिओ बिघडला असें घरांत म्हटलें जातें, तेव्हां पुष्कळदां रेडिओ मुळींच बिघडलेला नसतो. घर बिघडलेलें असतें. देवळ्यासारख्या गांवीं हें विशेष जाणवतें. नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागांतील हें गांव मुंबईपासून सरळ रेषेंत २०० किलोमीटरांहून अधिक दूर, आणि मध्यें डोंगरांच्या रांगा. मुंबईहून निघालेली मध्यम लहर येथें पोंचेपर्यंत क्षीण होते. मुंबईच्या श्रोत्याला जिची दखलहि घ्यावी लागत नाहीं, तीच खरखर येथें सबंध बातमीपत्र गिळून टाकते.

ह्या खरखरीचें कूळ जुनें व थोर आहे. १८८७ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यानें विद्युत्‌चुंबकीय लहरी प्रथम उत्पन्न केल्या, त्या ठिणगी पाडूनच. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं भिंतींपलीकडची घंटा वाजवून दाखविली, तीहि ठिणगीच्याच बळावर. त्याच वर्षीं रशियांत पोपॉव्ह यानें जें ग्राहकयंत्र लोकांसमोर मांडलें, तें तर आकाशांतील विजेची वर्दी देणारें होतें. सारांश, संदेश आणि उपद्रव हीं एकाच आईचीं लेंकरें. दिव्याचें बटन दाबतांना आंत जी सूक्ष्म ठिणगी उडते, ती हर्ट्झच्या ठिणगीची धाकटी बहीणच होय. म्हणून तेवढ्यापुरता रेडिओहि ‘टक्’ करतो.

मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं सुरू केलें. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट. पुढें कंपनी बुडाली, सरकारनें कारभार हातीं घेतला आणि १९३६ सालीं ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव आलें. त्या वेळच्या इंजिनिअरांचा मुख्य शत्रु आकाशांत होता. उष्ण कटिबंधांत वळवाचे ढग जमूं लागले कीं मध्यम लहरींवर नुसता कडकडाट. दूरच्या श्रोत्यांसाठीं फेब्रुवारी १९३८ मध्यें मुंबईस लघुलहरींचें क्षेपकयंत्र उभारलें, त्याचें एक मोठें कारण हेंच.

शहरांत दुसराहि शत्रु होता. मुंबईंत १९०७ पासून विजेच्या ट्रामगाड्या धांवत; तारेवरून दांडा निसटला कीं निळी ठिणगी, आणि शेजारच्या माडीवरील गाण्यांत फाटल्यासारखा आवाज. मोटरच्या कार्बन ब्रशांचाहि असाच जाच असे. उपाय तेव्हांच ठाऊक झाले होते: ठिणगी पडते तेथेंच कंडेन्सर जोडावा, एरियल घराबाहेर उंच बांधावें, जमिनींत अर्थची तार नीट पुरावी. १९३४ सालीं पॅरिस येथें ह्याच प्रश्नासाठीं आंतरराष्ट्रीय समितीची पहिली बैठक भरली. उपद्रव उगमाशींच आवरावा, हें तत्त्व तेव्हांपासून मान्य आहे.

खेड्यांत वीजच नव्हती, म्हणून तेथें हा जाचहि नव्हता. १९५६ सालीं पुणें केंद्रानें पांच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें भरविलीं. त्यांत नाशिक जिल्हा होता. पुढें १९६० सालीं राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें, तारा खेडोपाडीं गेल्या, विहिरींवर पंप बसले. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टरहि त्याच सुमारास घरोघर आला आणि त्यानें श्रोत्याला तारेच्या जाळ्यांतून बरेंचसें सोडविलें.

खरा घोटाळा झाला तो अलीकडे, आणि तोहि काटकसरीच्या पोटीं. जुना बल्ब निमूटपणें जळे. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर हे विजेचा प्रवाह सेकंदाला हजारों वेळां तोडतात व जोडतात. समजा हा वेग ६० हजार असला, तर त्याच्या पटी ५४०, ६००, ६६० किलोहर्ट्झ अशा मध्यम लहरींच्या पट्ट्यांतच येऊन बसतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सेकंदाला १०० वेळां प्रवाह कापतो; त्याची घरघर ऐकतांच ओळखूं येते. हें आवरणारे चोक व कंडेन्सर यंत्रांतच बसवितां येतात, पण स्वस्त मालांत तेच आधीं गाळले जातात. ग्राहकाचे चार रुपये वांचतात आणि वृद्ध आईबापांचें केंद्र हरवतें. तीं बिचारीं केंद्रालाच दोष देत बसतात.

एफएमवर हा त्रास फारच थोडा. अमेरिकेंत आर्मस्ट्राँग यानें १९३३ सालीं पेटंट मिळविलेली ती पद्धति होती. भारतांत ती मद्रासला १९७७ मध्यें आली. पण तिच्या लहरी डोंगरामागें सहसा वळत नाहींत, त्यामुळें आडबाजूच्या गांवांना मध्यम लहरींचाच आधार राहिला.

अपराधी शोधण्याची रीत सोपी आहे. बॅटरीचा रेडिओ एखाद्या क्षीण केंद्रावर लावावा आणि घराचा मुख्य स्विच बंद करावा. आवाज स्वच्छ झाला तर चोर घरांतच आहे. मग एकेक दिवा, एकेक चार्जर लावून पाहावा. सांपडल्यावर तो बदलावा, निदान रेडिओपासून दोन-तीन मीटर दूर न्यावा, किंवा त्याची तार फेराइटच्या कड्यांतून पांचसहा वेढे देऊन घ्यावी. ट्रान्झिस्टर जागच्या जागीं फिरविला तरी एका दिशेला खरखर दबते, कारण त्याच्या आंतील फेराइटची कांडी सर्व बाजूंनीं सारखें ऐकत नाहीं. एवढें करूनहि आवाज राहिलाच, तर रेडिओ घेऊन अंगणांत यावें आणि शेजाऱ्याच्या भिंतीकडे जातांना खरखर वाढते कीं काय, तें पाहावें.