तालीम, तंबू आणि शांघाय

तासगावकडे मारधाडीच्या चित्रपटांची एवढी आवड कोठून आली, असा प्रश्न कोणाही जाणत्या गृहस्थास केला, तर उत्तर ठरलेले असते: 1973 साली ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ निघाला, त्याची लाट आपल्याकडे आली आणि पोरे हवेत लाथा झाडू लागली. हे उत्तर मला कधीच पटले नाही. परंतु ते खोडून काढण्याजोगे काही हाती नव्हते. ते सापडले हाँगकाँगच्या शॉ बंधूंच्या जीवनवृत्तान्तात, आणि तेही एका आनुषंगिक उल्लेखात. ज्यांच्या कारखान्यातून पुढे कुंग-फूच्या चित्रपटांची रासच्या रास बाहेर पडली, ते रनमी आणि रनरन शॉ हे दोघे भाऊ ऐन तारुण्यात मलायाच्या खेडोपाडी फिरता सिनेमा घेऊन हिंडत होते. म्हणजे धंद्याच्या नात्याने ते आपल्या यात्रांतल्या तंबूवाल्यांचे बिरादरच होत.

सातारा-सांगलीकडच्या वाचकास तंबू म्हणजे काय हे सांगावयास नको. पुसेगाव, म्हसवड, खरसुंडी अशा यात्रांच्या पटांगणात मालमोटारीतून आलेला एकच प्रक्षेपक, त्याच्या जोडीला धडधडणारे जनित्र, चहूबाजूंनी कनाती, बसावयास माती आणि बायका-पुरुषांच्या बैठका वेगळ्या करणारा एक दोर, एवढ्या सरंजामावर खेळ चाले. प्रक्षेपक एकच असल्यामुळे रीळ संपताच काळोख होई; आणि शहरांतून झिजत झिजत अखेर यात्रेस पोहोचलेल्या प्रतीत कोठे पाच मिनिटांचा, तर कोठे अख्ख्या रिळाचा मजकूर गहाळ असे. कौटुंबिक चित्रपटात नायिकेच्या गैरसमजाचे रीळ हरवले, की पुढचे सारे अश्रू निष्कारण वाटू लागतात. मारामारीच्या चित्रपटास मात्र ही तूट बाधत नाही, कारण त्यातला प्रत्येक सामना स्वयंपूर्ण असतो आणि कोण कोणावर धावून जातो हे दिसले, की सुडाचे कारण प्रेक्षक पदरचे घालतो.

मलायात हीच परिस्थिती अधिक तीव्र स्वरूपात होती. रबराच्या मळ्यांवर आणि कथिलाच्या खाणींवर चिनी, तमिळ आणि मलायी लोक राबत होते, एकाची भाषा दुसऱ्यास उमगत नव्हती आणि चित्रपट तर अद्याप मुके होते. थोरला भाऊ रंजे शॉ याने 1925 साली शांघायमध्ये ‘तियानयी’ ही कंपनी काढली आणि त्याच साली ली फेइफेइ नावाच्या खड्गधारिणीवर एक चित्रपट केला, जो चिनी शस्त्रयुद्धाच्या चित्रपटांपैकी अगदी आरंभीचा गणला जातो. धाकटे भाऊ दक्षिणेकडे बाजार शोधीत निघाले. भाषेवाचून कोणता प्रसंग सर्वांस कळतो आणि कोणत्या प्रसंगी पटांगण उठून उभे राहते, याचे ज्ञान त्यांस तेथेच झाले असले पाहिजे. 1961 साली हाँगकाँगच्या क्लिअरवॉटर बे येथे त्यांनी चित्रनगरी उघडली, तेव्हा कायमचे उभारलेले वाडे व रस्ते पुन:पुन्हा वापरून आणि नटांस करारावर बांधून घेऊन त्यांनी खर्च आवळला. परंतु ही काटकसर नंतरची, रुचीची परीक्षा आधीची, असा माझा ठाम तर्क आहे.

आता योगायोग पाहा. ज्या 1925 साली शांघायमध्ये तियानयी निघाली, त्याच साली मुंबईत भोगीलाल दवे आणि नानुभाई देसाई यांनी शारदा फिल्म कंपनी स्थापिली, आणि तिचा आधारस्तंभ ठरला तो मास्टर विठ्ठल. हा कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला नट. ‘कल्याण खजिना’ या 1924 सालच्या चित्रपटात त्याने प्रथम नृत्य केले ते स्त्रीवेषात. आणि 1926 च्या ‘रतन मंजरी’पासून तो तलवारबाजीचा नायक म्हणून असा गाजला, की पुढे त्यास दुसऱ्या कंपनीत ओढण्यावरून कज्जा उभा राहिला आणि त्याचे वकीलपत्र खुद्द बॅरिस्टर जिनांनी घेतले. 1931 साली ‘आलम आरा’ या देशातल्या पहिल्या बोलपटाचा नायकही तोच. परंतु त्याची वाणी बोलपटास मानवण्याजोगी नव्हती, म्हणून भूमिकेत संवाद बेताचेच ठेवले गेले. पुष्कळांनी ही त्याची शोकांतिका मानली आहे. मी तिला साक्ष मानतो: ज्या नटास एवढा मोठा प्रेक्षकवर्ग लाभला होता, त्याने तो शब्दावाचून मिळविला होता.

त्यास ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणत, आणि येथेच पहिला प्रतिस्पर्धी पक्ष उभा राहतो. या अमेरिकन नटाचा ‘मार्क ऑफ झोरो’ 1920 चा आणि ‘थीफ ऑफ बगदाद’ 1924 चा. तेव्हा मुंबई आणि शांघाय या दोन्ही बंदरांनी ही विद्या फेअरबँक्सकडूनच उसनी घेतली, असे हा पक्ष म्हणतो. उसनवारी मला मान्य आहे. तासगावच्या गणपतीपुढचे सात मजली गोपूरही परशुरामभाऊ पटवर्धनांनी दक्षिणेकडून उसने आणले, आणि आज त्यावाचून तासगावची कल्पना करवत नाही. प्रश्न असा, की त्याच पेटाऱ्यातून आलेले दुसरे शेकडो विलायती नमुने विस्मृतीत गेले असता हाच का रुजला? जेथे शाहू महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून येऊन 1912 साली खासबागचे मैदान बांधविले, त्या कोल्हापूरच्या भोवतालच्या मुलुखात उघड्या अंगाचा दुसऱ्या अंगाशी झालेला सामना पाहावयास दहा-दहा कोस चालत जाणारा प्रेक्षक आधीच तयार होता. पेंटरांच्या ऐतिहासिक चित्रपटांतले पट्टे आणि तलवारी फिरविणारे हात तालमींतून आले असणार, याविषयी मला शंका वाटत नाही.

दुसरा पक्ष अधिक लोकप्रिय आणि अधिक लटका आहे. कांचीचा बोधिधर्म चीनला गेला, त्याने शाओलिनच्या भिक्षूंस व्यायाम शिकविला, म्हणून कुंग-फू मूळची आपलीच, असे अभिमानाने सांगितले जाते. ज्या ‘यीजिन जिंग’ ग्रंथावर ही इमारत उभी आहे, तो सतराव्या शतकातला. त्यास जोडलेल्या जुन्या नावांच्या प्रस्तावना बनावट असल्याचे तांग हाओ या चिनी संशोधकानेच 1930 च्या दशकात दाखवून दिले. आपले नाते सिद्ध करण्यास असल्या खोट्या दस्तऐवजाची गरज नाही.

तिसरा पक्ष हिशेबनिसांचा: जुनी प्रत स्वस्तात भाड्याने मिळे, म्हणून तंबूत ती लागे. परंतु पौराणिक चित्रपटांच्या जुन्या प्रतीही स्वस्तच होत्या. किमतीने वस्तू बाजारात का आली हे कळते. लोकांनी ती डोक्यावर का घेतली हे कळत नाही.

खरे कारण पाहावयाचे, तर 1978 चा ‘थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ पाहावा. या चित्रपटाचा फार मोठा भाग निव्वळ शिक्षणाचा आहे. नायक पाण्यावर तरंगत्या ओंडक्यांवरून चालावयास शिकतो, दंडास पाती बांधून हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या वाहतो, लांब जड दांड्याने घंटा वाजवितो. मुंबईचा शिकलेला प्रेक्षक येथे कंटाळेल. परंतु ज्याने पहाटे उठून हौद्याची माती उकरली, जोर-बैठका काढल्या, करेल फिरविली आणि एका घिश्शासाठी वस्तादाच्या शिव्या सोसल्या, त्यास हे आपलेच चरित्र वाटणार. गुरूचा अपमान, दोन आखाड्यांचे वैर, पठ्ठ्याने शेवटच्या जोडीत केलेली फेड, हे सारे कुंडलच्या मैदानास जाणाऱ्या माणसास दुभाष्यावाचून कळते. दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग हा स्वतः अशाच परंपरेतला: त्याचा पिता लाउ चाम हा लाम साइ-विंगचा शिष्य, आणि लाम साइ-विंग हा विख्यात वाँग फेइ-हुंगचा. म्हणजे तेथेही तालीमच पडद्यावर चढली होती. ज्या मुलुखाने गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि कवठेपिरानचे मारुती माने हे मल्ल दिले, त्यास हा चित्रपट परका वाटला असता, तरच नवल.

मास्टर विठ्ठलनंतरच्या मधल्या टप्प्यांविषयी विस्ताराची गरज नाही. भगवानदादांनी 1938 च्या ‘बहादूर किसान’पासून ‘अलबेला’ निघेपर्यंत गिरणगावातल्या कामकऱ्यांसाठी तुटपुंज्या भांडवलावर मारधाडीचे कितीतरी चित्रपट काढले. दारासिंग 1962 साली ‘किंग काँग’मधून नायक म्हणून आला आणि त्याने कुस्तीचे डावच पडद्यावर आणले.

एक शाखा मात्र उपेक्षित राहिली आहे: शस्त्रधारी नायिकांची. 1935 च्या ‘हंटरवाली’तील नादिया आपल्याकडे अपवाद म्हणून सांगितली जाते. परंतु शांघायमध्ये वू लीजू ही नटी ‘पूर्वेची स्त्री फेअरबँक्स’ म्हणून ओळखली जात होती, शॉ बंधूंच्या 1966 च्या ‘कम ड्रिंक विथ मी’मध्येही तलवार चेंग पेइ-पेइच्या हाती आहे, आणि त्याच घराण्याचा 1925 चा चित्रपट ली फेइफेइचा होता हे वर आलेच आहे. दोन दूरच्या बंदरांत एकाच सुमारास स्त्रिया शस्त्र घेऊन पडद्यावर उतरतात, तेव्हा त्यांचे मूळ पुरुष नटात शोधणे मला सयुक्तिक वाटत नाही. ‘पेरिल्स ऑफ पॉलिन’ ही पर्ल व्हाइटची मालिका 1914 ची, म्हणजे झोरोहून सहा वर्षांनी जुनी. तीही तुकड्यातुकड्यांची, प्रत्येक तुकड्यात एक संकट आणि एक सुटका, म्हणजे रीळ गहाळ झाले तरी न बिघडणारी. वंशावळीच्या माथ्यावर फेअरबँक्सचे नाव लिहिण्याचा प्रघात आहे; माझ्या मते ते खोडून तेथे पर्ल व्हाइटचे लिहावे, आणि मास्टर विठ्ठल व रनरन शॉ हे तिच्या दोन शाखांचे चुलतभाऊ म्हणून शेजारी शेजारी मांडावे.