वर्गणीची वही आणि दाराबाहेरचा रामा कामाठी

आज आपण चर्चगेटच्या चर्चबद्दल बोलणार आहोत. चर्चगेट स्टेशनातून आपण रोज लाखोंनी बाहेर पडतो. तिथं ना गेट दिसतं, ना चर्च. गेट होतं जुन्या कोटाच्या तटबंदीत, आजच्या फ्लोरा फाउंटनच्या आसपास. १८६० नंतरच्या दशकात बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट पाडला आणि त्याबरोबर ते गेलं. चर्च मात्र आहे. हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथीड्रल. मुंबई बेटावरचं पहिलं अँग्लिकन चर्च ते हेच.

आता कुणी म्हणेल, इंग्रजांचं राज्य, इंग्रजांचं चर्च, त्यात सांगण्यासारखं काय? पण मंडळी, तेव्हा राज्य कसलं? १६६८ मध्ये मुंबई कंपनीकडे आली तेव्हा हे एक दलदलीचं, तापानं पोखरलेलं बेट होतं. विलायतेहून उतरलेला तरुण दोन-तीन पावसाळे काढेल याची खात्री कुणी देत नसे. ख्रिस्ती उपासना बेटावर होतीच, पण ती पोर्तुगीज कॅथलिकांची. दादरचं पोर्तुगीज चर्च आपण आजही त्याच नावानं ओळखतो, ते मूळचं सोळाव्या शतकातलं. परळला जेझुइट पाद्र्यांची वास्तू होती. पुढे ती गव्हर्नरचा बंगला झाली आणि आता तिथं हाफकिन संस्था आहे. या सगळ्यात मूठभर अँग्लिकन इंग्रज रविवारी किल्ल्यातल्या एका दालनात जमून प्रार्थना करायचे. स्वतःचं देऊळ नसलेली मंडळी, असं म्हणा ना.

जेराल्ड आँजिअरला हे खटकलं. मुंबई वसवणारा म्हणून आपण ज्याचं नाव घेतो तोच हा. त्यानं मोठ्या चर्चचा घाट घातला, पैसे गोळा झाले, १६७६ च्या सुमारास काम सुरू झालं. १६७७ मध्ये आँजिअर सुरतेला वारला आणि काम थांबलं ते थांबलंच. भिंती पंधराएक फूट वर आल्या होत्या. जवळजवळ चाळीस वर्षं त्या तशाच उभ्या राहिल्या! पैसे कुठे गेले? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा एक खलाशी-व्यापारी होता, त्यानं आपल्या प्रवासवर्णनात सरळ आरोप केलाय की सर जॉन चाइल्डनं ते गिळले. हॅमिल्टनचं आणि कंपनीवाल्यांचं फारसं पटत नसे, तेव्हा हे चिमूटभर मीठ घालूनच घ्यावं. शिवाय मध्ये १६८९ ला सिद्दी याकूतखान बेटावर चालून आला, मागोमाग रोगराई आली. चर्च बांधायला माणसं तर शिल्लक हवीत!

१७१४ मध्ये इथं रिचर्ड कॉब नावाचा चॅपलेन, म्हणजे कंपनीचा पगारी धर्मोपदेशक, दाखल झाला. रोज त्या अर्धवट भिंती बघायच्या आणि किल्ल्यातल्या खोलीत उपासना चालवायची, हे त्याला सहन होईना. १७१५ च्या उन्हाळ्यात एका रविवारी त्यानं प्रवचनात हा विषय काढला, आणि चांगला खणखणीत काढला. समोर गव्हर्नर विल्यम एसलाबी बसलेला. उपासना संपल्यावर गव्हर्नरनं त्याला गाठलं आणि आज फार आवेशात होता असा टोला हाणला. कॉब म्हणाला की आवेशाला कारणही तसंच आहे. आता नोकरी जाते की काय असं वाटावं, तर गव्हर्नर म्हणाला, चर्च हवंच असेल तर बांधू या, एक वही कर आणि पहिला आकडा माझा घाल!

इथं मला थांबावंसं वाटतं, कारण ही वही म्हणजे आपल्या गिरगावातली गणपतीची वर्गणीच हो. गव्हर्नरचे हजार रुपये, कंपनीचे दहा हजार. सुरतेच्या वखारीकडे, मद्रासला, बंगालला पत्रं गेली. एका गृहस्थानं बायकोच्या नावानं वीस रुपये लिहिले आणि पुढे नोंद केली की बायको मिळेल तेव्हाची. लग्नच झालं नव्हतं बिचाऱ्याचं! कुणाच्या तरी पापाबद्दल देहदंडाऐवजी घेतलेली रक्कमही त्याच वहीत जमा आहे. मोठमोठ्या दरबारी कागदांपेक्षा अशा वहीतून त्या वेळची वसाहत मला जास्त कळते. एकटे पुरुष, थोडा पैसा, बरीचशी अपराधी भावना आणि मरण दारात.

नोव्हेंबर १७१५ मध्ये पायाचा दगड बसला. योगायोग बघा, त्याच १७१५ साली रामा कामाठी नावाच्या श्रीमंत शेणवी व्यापाऱ्यानं वाळकेश्वराचं देऊळ नव्यानं बांधलं. एकाच बेटावर, एकाच वर्षी. या माणसाचे कंपनीशी जुने, जवळचे संबंध होते.

चर्च उघडलं २५ डिसेंबर १७१८ ला, नाताळच्या दिवशी. गव्हर्नर आता चार्ल्स बून होता. सजावट कसली म्हणाल? माडाच्या झावळ्या आणि केळीचे खांब! विलायतेतली हिरवळ इथं कुठून आणणार, जे कोकणात मिळतं तेच लावलं. एका मुलाचा बाप्तिस्मा झाला. आणि कॉबनं आवर्जून लिहून ठेवलंय की रामा कामाठी आपल्या जातभाईंसह आला होता. उपासना त्यांना इतकी शिस्तीची वाटली की ती संपेपर्यंत ते दाराबाहेर उभे राहिले.

शिष्टाचार, कुतूहल की हिशेब? मला वाटतं तिन्ही असेल. पण त्या दिवसाची दुसरी बाजू सांगायला हवी. जेमतेम महिन्यापूर्वी बूनच्या आरमारानं कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर हल्ला केला होता आणि तोंडघशी पडून परतलं होतं. म्हणजे त्या नाताळात आत बसलेल्यांच्या मनात एक प्रश्न घोळत असणार: आपली खबर फोडली कुणी?

उत्तर म्हणून त्यांनी रामा कामाठीला धरलं. आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून १७२० मध्ये त्याच्यावर खटला चालवला. साक्षीसाठी छळ झाला, एक पत्र पुढे आलं. मालमत्ता जप्त झाली, आणि म्हातारा काही वर्षांनी कैदेतच गेला. ते पत्र बनावट होतं असं पुढच्या इतिहासकारांनी मानलंय. मलाही तेच पटतं. पराभव झाला की घरभेदी शोधावाच लागतो, आणि तो नेहमी दाराबाहेर उभ्या असलेल्यांतच सापडतो.

आणि कॉब? त्याचंही फारसं भलं झालं नाही. ज्यांच्यासाठी चर्च उभारलं त्याच वरिष्ठांशी त्याचा खटका उडाला, कामावरून दूर व्हावं लागलं, आणि तो मायदेशी गेला. म्हातारपणी, १७६६ मध्ये, त्यानं या चर्चच्या उभारणीची हकीकत छापली. आज मी तुम्हाला जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्यातूनच आलेलं आहे, तेव्हा कॉबची बाजू त्यात थोडी उजळ असणार हे धरून चाला.

पुढचं थोडक्यात सांगतो. १८१६ मध्ये कलकत्त्याचे बिशप मिडल्टन इथं आले आणि संत थॉमसच्या नावे चर्चचा विधिपूर्वक संस्कार झाला. १८३७ मध्ये थॉमस कार हे मुंबईचे पहिले बिशप झाले आणि चर्चचं कॅथीड्रल झालं. मनोरा त्यानंतरचा.

एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवलीय, "मराठी माणूस आत कधी गेला?" चांगला प्रश्न आहे. कॉबचं चर्च इंग्रजांसाठीच होतं. अँग्लिकनांच्या चर्च मिशनरी सोसायटीचं काम मुंबईत सुरू झालं १८२० मध्ये, म्हणजे त्या नाताळानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. गिरगावचं इमॅन्युएल चर्च त्याच सोसायटीच्या परंपरेतलं. आणि १८३१ मध्ये जॉन विल्सन यांनी इथं आठ जणांची एक मंडळी स्थापन केली. ते अँग्लिकन नव्हेत, स्कॉटिश. त्या आठ जणांबद्दल पुढच्या वेळी बोलू.