नवोदित खेळाडूंचा ड्राफ्ट (सिम्युलेशन बेसबॉल)

सिम्युलेशन बेसबॉलमध्ये दर हंगामापूर्वी नव्याने उपलब्ध झालेले खेळाडू संघांमध्ये क्रमाक्रमाने वाटून घेण्याच्या प्रक्रियेस नवोदित खेळाडूंचा ड्राफ्ट असे म्हणतात. सिम्युलेशन लीगमध्ये प्रत्यक्ष मैदान नसते. सामने फासे आणि कार्डे यांच्या साहाय्याने किंवा संगणक प्रणालीवर खेळले जातात आणि प्रत्येक संघ एकेका हौशी संघचालकाच्या ताब्यात असतो. लीग वर्षानुवर्षे चालू राहते व संघातील खेळाडू पुढील हंगामातही त्याच संघाकडे राहतात. त्यामुळे दुबळ्या संघाला सावरण्याचा मुख्य मार्ग हा ड्राफ्टच असतो. ड्राफ्टपूर्वी उपलब्ध खेळाडूंची तुलना करणारे जे लेखन केले जाते त्याला ड्राफ्टपूर्व आढावा म्हणता येईल.

भारतीय वाचकाला परिचित असलेल्या आयपीएलच्या लिलावाशी या प्रक्रियेचे साम्य वरवरचे आहे. लिलावात ज्याच्याकडे पैसा अधिक तो बोली जिंकतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. बहुधा मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला पहिली पाळी आणि विजेत्याला शेवटची, असा क्रम असतो. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलने हीच पद्धत १९६५ मध्ये स्वीकारली. त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये कॅन्सस सिटी ॲथलेटिक्स संघाने रिक मंडे याची सर्वप्रथम निवड केली.

पार्श्वभूमी

खेळाडूंच्या खऱ्या आकडेवारीवरून घरबसल्या बेसबॉल खेळण्याचे प्रयत्न जुने आहेत. क्लिफर्ड व्हॅन बीक यांचा ‘नॅशनल पास्टाइम’ हा खेळ १९३० च्या सुमारास निघाला. त्याच्या धर्तीवर जे. रिचर्ड साइट्झ यांनी पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथून १९५१ मध्ये ‘एपीबीए’ बाजारात आणला. हॅल रिचमन यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ १९६१ चा. पुढे संगणकावर टॉम टिपेट यांचा ‘डायमंड माइंड’ आणि जर्मन प्रोग्रॅमर मार्कुस हाइनझोन यांचा ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हे खेळ लोकप्रिय झाले. टिपेट यांनी नंतर बोस्टन रेड सॉक्स या खऱ्या संघासाठी काम केले, यावरून या छंदातील विश्लेषणाची प्रत लक्षात यावी.

शाळेच्या बाकावर पाठ्यपुस्तकाचे पान उघडून त्या आकड्याप्रमाणे धावा मोजण्याचा खेळ मराठी मुलांनाही माहीत आहे. परंतु तेथे फलंदाज कोणीही असला तरी पानांचा आकडा तोच राहतो. स्ट्रॅट-ओ-मॅटिकसारख्या खेळात प्रत्येक खेळाडूचे कार्ड वेगळे असते आणि संघबांधणीला अर्थ येतो तो त्यामुळेच.

कार्डाची रचना

स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये तीन फासे टाकतात. एका फाशावर १, २ किंवा ३ पडल्यास फलंदाजाच्या कार्डावरील त्या क्रमांकाचा स्तंभ वाचायचा. ४, ५ किंवा ६ पडल्यास पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, कार्डावरील. उरलेल्या दोन फाशांची बेरीज २ ते १२ यांपैकी जी येईल त्या ओळीत निकाल लिहिलेला असतो. तीन फाशांच्या एकूण २१६ शक्यतांपैकी १०८ फलंदाजाच्या कार्डावर आणि १०८ पिचरच्या कार्डावर पडतात. दोन फाशांची बेरीज ७ होण्याचे सहा मार्ग आहेत, २ होण्याचा एकच. म्हणून एखाद्या स्तंभात ७ समोर ‘होम रन’ लिहिलेले असेल तर २१६ पैकी ६ वेळा ते घडेल; तेच २ समोर असेल तर एकदाच. क्षेत्ररक्षणाला १ ते ५ अशी श्रेणी असून १ सर्वोत्तम होय. दुखापतीची शक्यताही कार्डावरच नोंदलेली असते.

कार्ड मागील खऱ्या हंगामाच्या आकडेवारीवरून बनते. हंगाम संपल्यावर नवी कार्डे निघतात आणि ज्यांचे कार्ड प्रथमच निघाले ते खेळाडू ड्राफ्टला पात्र ठरतात. येथे एक चमत्कारिक स्थिती निर्माण होते. येत्या हंगामात तो खेळाडू आपल्या संघासाठी साधारण कसा खेळेल हे कार्डावर छापलेलेच असते. त्याच्या पुढच्या वर्षीच्या कार्डाबद्दल मात्र कोणालाच काही ठाऊक नसते, कारण ते अद्याप न झालेल्या खऱ्या सामन्यांवर अवलंबून आहे. संघचालक ड्राफ्टमध्ये एकाच वेळी एक ज्ञात वर्ष आणि अनेक अज्ञात वर्षे विकत घेत असतो.

ड्राफ्टपूर्व आढावा

आढाव्याचे खरे काम या ज्ञात आणि अज्ञात भागांची गल्लत होऊ न देणे हे आहे. सामान्य आढाव्यात खेळाडूंची स्थानानुसार यादी, प्रत्येकाचे वय, डावखुरा की उजवा, क्षेत्ररक्षणाची श्रेणी आणि अपेक्षित फेरी एवढे सांगितलेले असते. चांगला आढावा त्यापुढे जाऊन आकडा किती सामन्यांतून आला आहे हे पाहतो.

समजा एखाद्या फलंदाजाची खरी कुवत .२७० सरासरीची आहे, म्हणजे दर हजार अधिकृत फलंदाजी-संधींत (ॲट-बॅट) २७० हिट. अशा फलंदाजाला १३४ संधी मिळाल्या तर केवळ योगायोगाने त्याची सरासरी .२३२ ते .३०८ यांच्या दरम्यान कोठेही जाऊ शकते आणि साधारण तीनातून एकदा ती या मर्यादेबाहेरही जाईल. ६०० संधींत हीच मर्यादा .२५२ ते .२८८ एवढी आवळते. हंगामाच्या अखेरीस बढती मिळालेल्या नवोदितांना बहुधा शंभर-दीडशे संधीच मिळालेल्या असतात. त्यांचे देखणे कार्ड खोटे नसते, पण तो पुरावाही तोकडाच असतो.

बॉब हेझल हे याचे उत्तम उदाहरण. मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाने १९५७ च्या हंगामात मध्येच बोलावलेल्या या खेळाडूने १३४ संधींत .४०३ सरासरीने ७ होम रन मारले आणि त्या वर्षी त्याच्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९५८ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. न्यूयॉर्क यँकीजच्या केव्हिन मास याने १९९० मध्ये २५४ संधींत २१ होम रन मारले. पुढच्या वर्षी ५०० संधींत २३, आणि सरासरी.२२०. पूर्ण हंगाम खेळूनही फसगत होऊ शकते. डेट्रॉइट टायगर्सचा पिचर मार्क फिड्रिच १९७६ मध्ये १९ सामने जिंकून अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याने त्या वर्षी २४ सामने एकट्याने अखेरपर्यंत टाकले होते. १९७७ च्या आरंभी गुडघा आणि मग खांदा दुखावला, आणि उरलेल्या कारकिर्दीत त्याला आणखी १० विजयच मिळाले. तरुण पिचरवर पहिली पाळी खर्च करण्यास अनुभवी संघचालक का कचरतात, हे यावरून कळते.

उलट बाजूचे उदाहरण अधिक बोलके आहे. माइक ट्राउट याने २०११ मध्ये पदार्पण करून १२३ संधींत .२२० सरासरी नोंदवली. त्या आकड्यांवरून बनलेल्या कार्डात येत्या हंगामासाठी आकर्षक असे फारसे काही नव्हते. मात्र त्याचे वय तेव्हा केवळ १९-२० होते आणि कनिष्ठ लीगमधील त्याची कामगिरी असामान्य होती. २०१२ मध्ये त्याने .३२६ सरासरी, ३० होम रन आणि ४९ चोरलेले बेस अशी कामगिरी केली. केवळ कार्ड वाचणारा आढावा अशा खेळाडूला खालच्या फेरीत ढकलतो, तर वय आणि कनिष्ठ लीगचा पूर्वेतिहास वाचणारा त्याला वर आणतो. यात एक अट मात्र आहे. संघचालकाला एक हंगाम दुबळ्या कार्डासह काढण्याची तयारी हवी. विजेतेपदाच्या अगदी जवळ असलेल्या संघाला तो धीर परवडत नाही, आणि म्हणून एकाच खेळाडूची किंमत दोन संघांना भिन्न वाटते. सौदे होतात ते या फरकातून.

आढावा लिहिणारा बहुधा स्वतःही त्याच लीगमधील संघचालक असतो, हे वाचकाने विसरू नये. आपल्याला हव्या असलेल्या खेळाडूबद्दल तो थोडे कमी लिहितो आणि नको असलेल्याचे गुण जरा ठळक करतो, अशी शंका इतरांना येतेच. काही लीगमध्ये म्हणून हे काम शेवटच्या क्रमांकाने निवड करणाऱ्याकडे किंवा ज्याने आपल्या पाळ्या आधीच विकल्या आहेत अशाकडे देतात. तरीही पूर्ण तटस्थता दुर्मीळच.

कल्पित खेळाडूंच्या लीग

‘आउट ऑफ द पार्क’सारख्या संगणकीय खेळात खेळाडू पूर्णतः कल्पितही असू शकतात. तेथे शालेय व महाविद्यालयीन वयाचे शेकडो तरुण ड्राफ्टसाठी प्रणालीच निर्माण करते. गुण बहुधा २० ते ८० या मापनात दाखवले जातात. हे मापन खऱ्या बेसबॉलमधील गुणपारख्यांचे असून त्यात ५० म्हणजे सरासरी. प्रत्येक गुणाचे दोन आकडे असतात, एक आजचा आणि एक संभाव्य. पण दिसणारे आकडे हा त्या संघाच्या गुणपारख्याचा अंदाज असतो. प्रणालीतील मूळ आकडा झाकलेला राहतो. दोन संघांना एकच खेळाडू दोन प्रकारचा दिसू शकतो. तेव्हा आढाव्यात आकडे छापणारा संघचालक नकळत आपल्या गुणपारख्याचे मत सर्वांना फुकट देऊन टाकतो.

झाकलेल्या आकड्यांवर उपाय म्हणून जाणकार प्रत्यक्ष कामगिरीकडे पाहतात. ज्या लीगमध्ये शालेय आणि महाविद्यालयीन सामन्यांचीही नोंद ठेवली जाते, तेथे ती आकडेवारी कोणाच्या अंदाजातून गाळून आलेली नसते. शिवाय कष्टाळूपणा, बुद्धी यांसारखे स्वभावगुणही विकासावर परिणाम करतात. प्रणालीत यदृच्छेचा अंश जाणूनबुजून ठेवलेला असल्याने सर्वोत्तम भासणारा तरुणही मध्येच खुंटतो. खरा बेसबॉल याहून वेगळा नाही. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडलेला ब्रायन टेलर मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही. १९८८ मध्ये ६२व्या फेरीत निवडलेल्या माइक पियाझाला २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

नियम आणि वाद

थोड्या संधींवर बनलेल्या चमकदार कार्डाचा गैरफायदा टळावा म्हणून बऱ्याच लीग खेळाडूच्या वापरावर त्याच्या खऱ्या संधींच्या प्रमाणात मर्यादा घालतात. हेझलसारखे कार्ड मग पूर्ण हंगामभर खेळवता येत नाही. पहिल्या पाळीच्या लोभाने मुद्दाम हरण्याची प्रवृत्ती हा दुसरा प्रश्न. त्यावर सोडत, किमान विजयांची अट असे उपाय योजले जातात. सर्वांत अवघड प्रकार भविष्यातील पाळ्या विकण्याचा होय. पुढील दोन-तीन वर्षांच्या पाळ्या देऊन एखादा संघचालक विजेतेपद मिळवतो आणि छंद सोडून निघून जातो. मागे उरतो तो वयस्क खेळाडूंचा, पाळ्या नसलेला संघ, आणि असा संघ स्वीकारण्यास नवा माणूस सहसा तयार होत नाही. एक-दोन संघ असे ओसाड पडले की वेळापत्रक कोलमडते आणि अनेक वर्षे चाललेली लीग बंद पडू शकते. भावी पाळ्यांच्या विक्रीवर एका वर्षाची मर्यादा घालण्याचा नियम या अनुभवातूनच आलेला आहे.

साहित्यात

‘ऑन द रोड’चे लेखक जॅक केरुॲक यांनी किशोरवयात मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथे कल्पित खेळाडूंचा बेसबॉल रचला व प्रौढपणीही तो चालू ठेवला. बोस्टन फोर्ड्स, पिट्सबर्ग प्लिमथ्स अशी मोटारगाड्यांवरून नावे असलेले संघ त्यात होते. त्यांची ही कागदपत्रे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जतन केलेली आहेत.

रॉबर्ट कूव्हर यांच्या १९६८ मधील ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ या कादंबरीचा नायक जे. हेन्री वॉ हा हिशेबनीस असून तो फाशांवर एकट्याने संपूर्ण लीग चालवतो. डेमन रुदरफोर्ड हा त्याचा लाडका नवोदित पिचर एक निर्दोष सामना टाकतो, म्हणजे प्रतिपक्षाच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू देत नाही. लगेच नंतरच्या सामन्यात फाशांच्या एका अतिदुर्मीळ क्रमाने, फलंदाजी करताना डोक्यावर चेंडू लागून त्याचा मृत्यू होतो. आपणच केलेल्या नियमाप्रमाणे हेन्रीला ती नोंद वहीत करावी लागते. पुढे तो चेंडू टाकणाऱ्या जॉक केसी या पिचरच्या वेळी मात्र हेन्री फासे टाकत नाही. हव्या त्या बाजूवर तो ते हाताने मांडून ठेवतो.