थ्रेड : कोपरगावची पेन्शन आणि ‘कुटुंब’ हा एक शब्द

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गोदावरीकाठच्या कोपरगावात १७८३ साली एक निवृत्त सेनानी कुटुंबासह राहायला आले. दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक त्यांना ठरवून दिलेली होती. नेमणूक म्हणजे आजच्या भाषेत पेन्शन. हे सेनानी म्हणजे १७५८ मध्ये लाहोरपर्यंत धडक मारणारे रघुनाथराव पेशवे, अर्थात राघोबादादा.

ही पेन्शन त्यांना पहिल्यांदा देऊ केली गेली ती याच्या सात वर्षे आधी. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, बारभाईंनी दादांना पदच्युत केले आणि ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७६ च्या पुरंदरच्या तहात ठरले की दादांनी फौज मोडावी आणि कोपरगावी राहावे. त्याबदल्यात दरमहा २५,००० रुपये, दिमतीला १,००० स्वार आणि २०० नोकर मिळणार होते. दादांनी हे नाकारले. त्यानंतर वडगावचा प्रसंग घडला, इंग्रज-मराठा युद्ध लांबले, हजारो माणसे कामी आली. अखेर १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. रक्कम तीच, २५,००० रुपये, आणि गावही शेवटी कोपरगावच. इतके रक्त सांडून माणूस जिथल्या तिथे आला, याची इतिहासात फार उदाहरणे नसतील.

सालबाईच्या तहातील सहावे कलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. चार महिन्यांत दादांनी राहण्याचे ठिकाण निवडावे, त्यानंतर इंग्रज त्यांना पैसा वा आश्रय देणार नाहीत. महादजी शिंद्यांच्या आसऱ्याने ते शांतपणे राहिले तर पेशवे सरकार दरमहा रक्कम देईल. ही रक्कम कोणासाठी? त्यांच्या स्वतःच्या निर्वाहासाठी. कलमाचा सारा भर एका व्यक्तीवर आहे.

कोपरगावच्या वाड्यात मात्र ती एक व्यक्ती नव्हती. पत्नी आनंदीबाई होत्या, १७६८ मध्ये दत्तक घेतलेला अमृतराव होता, आणि १७७५ च्या जानेवारीत, धावपळीच्या दिवसांत, धारच्या किल्ल्यात जन्मलेला बाजीराव होता. ११ डिसेंबर १७८३ रोजी दादा वारले. पेन्शन पुरती वर्षभरही भोगता आली नाही. आनंदीबाई तेव्हा गरोदर होत्या. पुढच्या वर्षी चिमाजी जन्मला, त्याने वडिलांचे तोंड पाहिलेच नाही.

मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी ‘बालपरवेशी’ नावाची तरतूद होती. चाकरी करणारा गेला तरी घर उघड्यावर पडू नये, हा तिचा हेतू. पण दादा काही सरकारच्या चाकरीत पडलेले नव्हते, ते सरकारचे पराभूत प्रतिस्पर्धी होते. त्यामुळे त्यांच्या कुटुंबाला पुणे दरबाराने सांभाळले ते नजरकैदेसह. पोसणारा आणि पहारा ठेवणारा हात एकच होता.

‘ध चा मा’ या आख्यायिकेने आनंदीबाईंना एका अक्षरापुरते शिल्लक ठेवले आहे. पहाऱ्यात तीन मुले वाढवणारी कोपरगावची विधवा त्या अक्षरामागे दिसेनाशी झाली. १७९३ मध्ये कुटुंबाला नाशिकजवळच्या आनंदवल्लीला हलवले गेले. १७९४ मध्ये आनंदीबाई तिथेच वारल्या, आणि मुलांची रवानगी शिवनेरीवर झाली.

यातला बाजीराव पुढे पेशवा झाला, आणि ३ जून १८१८ रोजी इंग्रजांच्या स्वाधीन झाला. जॉन माल्कमने त्यांना ज्या अटी दिल्या, त्यांत पेन्शन वर्षाला ८ लाखांपेक्षा कमी असणार नाही अशी हमी होती. शिवाय ती बाजीरावांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी होती. वडिलांच्या तहात नसलेला ‘कुटुंब’ हा शब्द मुलाच्या करारात आला. हा शब्द बाजीरावांनी मागून घेतला की माल्कमने आपणहून घातला, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी वडिलांच्या मृत्यूनंतर घराचे काय होते ते या माणसाने वयाच्या नवव्या वर्षी पाहिले होते.

बाजीराव ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, आणखी ३३ वर्षे जगले. जानेवारी १८५१ मध्ये ते वारले आणि कंपनीने पेन्शन बंद केली. दत्तकपुत्र नानासाहेबांनी त्याच एका शब्दावर बोट ठेवले : पेन्शन कुटुंबासाठी होती, आणि कुटुंब तर अजून आहे. गव्हर्नर जनरल डलहौसीचे म्हणणे असे की बाजीरावांना भरपूर मिळाले, त्यांनी मागे २८ लाखांची मालमत्ता ठेवली, आता कंपनीचे काही देणे लागत नाही. नानासाहेबांनी लंडनला अर्ज धाडला, पाठोपाठ अजीमुल्ला खान यांना वकील म्हणून पाठवले. कंपनीच्या संचालकांनी दावा फेटाळला. अजीमुल्ला रिकाम्या हातांनी परत बिठूरला आले.