जैन धर्म : आपले काही गैरसमज

धामणगाव रेल्वेच्या बाजारात जैन म्हटले की मारवाडी, आणि मारवाडी म्हटले की कापसाचा शेठ, असे समीकरण आपल्या कार्यकर्त्यांच्याही डोक्यात बसले आहे. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली, या मार्गावर कापसाच्या बाजारपेठा वाढल्या, त्यातून हे चित्र तयार झाले. वस्तुतः माहेश्वरी हे मारवाडी असून जैन नव्हेत. उलट सैतवाळ जैनांची बोली मराठीच. कारंजा लाडच्या भट्टारकांच्या गाद्या रेल्वेहून कितीतरी जुन्या. कोल्हापूर-सांगलीकडे तर जैन म्हणजे नांगर धरणारा शेतकरी. सावकारीवरचा आपला राग रास्तच आहे. तो एका धर्माच्या खाती मांडणे चूक.

दुसरा गैरसमज अधिक घातक : जैन ही हिंदू धर्माचीच शाखा. वेदप्रामाण्य व सृष्टिकर्ता ईश्वर नाकारणारी ही श्रमण परंपरा आहे. १९५६ नंतर आपल्यालाही ‘तुम्ही हिंदूच’ असे ऐकवले जाते. घटनेच्या पंचविसाव्या कलमातील मंदिरप्रवेशाच्या तरतुदीपुरते शीख, जैन, बौद्ध हे हिंदूंतच धरले आहेत. तेव्हा जैनांचे वेगळेपण आपण तरी नाकारू नये.

पण या वेगळेपणाचा उपयोग कशासाठी झाला? उत्तराध्ययनसूत्रात चांडाळकुळातला हरिकेशबल मुनी यज्ञमंडपात भिक्षेला जातो. त्याला हाकलणारे ब्राह्मणच अखेर त्याच्यापुढे नमतात. नवव्या शतकातील जिनसेनाच्या आदिपुराणात मात्र वर्णांचे जनकत्व खुद्द ऋषभदेवांकडे आणि त्यांचा पुत्र भरताकडे दिलेले आहे. धर्म तोच, पण मधल्या काळात जातीने त्यात घर केले होते.

१९४७ साली मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. जैन मंदिरे त्यातून वगळावीत म्हणून आचार्य शांतिसागरांनी सुमारे तीन वर्षे धान्य वर्ज्य केले. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या जैन मंदिराचा वाद उच्च न्यायालयात गेला. १९५१ साली निकाल लागला : जैन हे हिंदू नव्हेत, जिथे रूढीने हिंदूंनाच हक्क नाही, तिथे या कायद्याने हरिजनांनाही तो मिळत नाही. सिद्धान्त बरोबर होता, आणि त्याच सिद्धान्ताने आपल्या तोंडावर दार बंद झाले!

शांतिसागर भोजच्या शेतकरी जैन घरातले. कुंभोजचे भाऊराव पाटीलही तशाच घरातले. कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला, आणि जैन बोर्डिंगातून त्यांना बाहेर काढण्यात आले. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली.